आईचा व्यवसाय

गेल्या वर्षी जूनमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला मदत करत होते. बारावीला बरे गुण, घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. ‘आईचा व्यवसाय’ हा रकाना आला तेव्हा तिने जराही न थांबता ‘गृहिणी’ असं लिहिलं. आई शेजारीच बसली होती. सतरा वर्षं आशा, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती, म्हणून पाच पाडे सांभाळणारी बाई. मी म्हटलं, "अगं, आई आशा आहे ना तुझी?" तर ती म्हणाली, "ताई, ते व्यवसायात धरतात का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कागदाच्या हिशेबाने मुलीचंच बरोबर होतं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून आशा ही ‘मानद स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नसतो, मोबदला असतो. ‘आरोग्यसेविका’ लिहावं तर ते एएनएम सिस्टरचं, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सचं पद. ‘सरकारी नोकरी’ लिहावं तर ते खोटं. अर्जात आम्ही काय लिहिलं याला महत्त्व नाही, पण त्या दिवसापासून तो रकाना माझ्या डोक्यातून जात नाही.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या कामात आले त्याला चोवीस वर्षं झाली. आदिवासी भागातल्या आरोग्य कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण हेच माझं करिअर झालं. आधी प्रकल्पातली कार्यकर्ती, मग समन्वयक, मग प्रशिक्षक अशा पायऱ्या मला मिळत गेल्या आणि प्रत्येक पायरीला पगार वाढला. कॉलेजात बोलायला बोलावतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, वंचितांच्या आरोग्यासाठी काम करायची इच्छा आहे, पण यात करिअर आहे का? मी कायम ‘आहे’ म्हणत आले. आता ते उत्तर मला अर्धवट वाटतं. करिअर डॉक्टरला आहे, एमएसडब्ल्यूला आहे, सार्वजनिक आरोग्याची पदवी (एमपीएच) घेऊन आलेल्याला आहे. ज्या बाईच्या पायांवर हे सगळं चालतं, ती मात्र पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच वीस वर्षांनी आहे. आशेचं काम हे पगाराचं, शिकत वर जाण्याचं, हक्काचं काम होत नाही, तोवर पाड्यावरची आरोग्यसेवा आज आहे तिथून पुढे सरकणार नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

खरं तर हे काम कोण करू शकतं, याचा धडा महाराष्ट्रानेच जगाला दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. सुरुवातीला त्यांनी गावागावांत शिकलेल्या नर्सेस ठेवून पाहिल्या, पण ते जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी बाई गावात रुळेना आणि गाव तिला आपलं म्हणेना. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. त्यातल्या बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आपल्या गावातल्या अडचणी एकमेकींना सांगत आणि परत जात. कूपनलिका दलित वस्तीच्या बाजूला घेतल्या गेल्या आणि पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे जावं लागलं. कामाला सुरुवात झाली तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पाच-सहा वर्षांत तो आकडा एक तृतीयांशाच्याही खाली आला. ही किमया केवळ औषधांची नव्हती. गावाने जिला कधी ओट्यावर बसू दिलं नव्हतं, तिच्या हातात लोक आपलं मूल देऊ लागले होते.

पुढचा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जन्मलेल्या बाळाची काळजी घरातच घेता येते का, हे ३९ गावांत करून पाहिलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बाया आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखणं आणि वेळ आली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. अशा बाईच्या हातात सुई द्यायची ही कल्पनाच तेव्हा अनेक डॉक्टरांना सहन झाली नव्हती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. देशाने ही पद्धत स्वीकारायला बारा वर्षं घेतली. २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी, म्हणजे आमच्या भाषेत एचबीएनसी, आशांकडे आली.

आरोळे, बंग, हेमलकशाचे आमटे, मेळघाटातले कोल्हे यांची नावं आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात, आणि असावीत. या मंडळींनी आयुष्यं वेचली. पण पन्नास वर्षांत अशी किती दांपत्यं झाली, ते बोटांवर मोजता येईल. ज्या सेवेसाठी दर वेळी एक असामान्य जोडपं जन्माला यावं लागतं, ती सेवा राज्यातल्या प्रत्येक पाड्यावर कशी पोचणार? आपण त्यागाच्या गोष्टी इतक्या मनापासून ऐकल्या की या क्षेत्रात त्याग हीच पात्रता ठरली. मग आशेने पैसे मागितले की लोकांना ते खटकतं. २०२३ च्या संपाच्या वेळी एका सुशिक्षित, सज्जन गृहस्थांनी मला विचारलं होतं, "सेवा करणाऱ्यांनी संप करावा का?" तलाठ्यांच्या संपाला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गावातल्याच माणसाला आरोग्य कार्यकर्ता करण्याचा हा प्रयोग देशात आधी एकदा फसलेलाही आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. निवडले गेले ते बहुतांश पुरुष. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. पुढे नाव बदलत गेलं, मानधन जवळपास तेवढंच राहिलं, फेरप्रशिक्षण जवळजवळ नव्हतंच. योजना वर्षानुवर्षं कागदावर जगली आणि शेवटी केंद्राने पैसे थांबवल्यावर विरून गेली. बायकांना निवडायचं, हा धडा आपण त्यातून घेतला. या कामाला पुढची वाट लागते, हा दुसरा धडा राहून गेला.

आता आशेचा मोबदला कसा मिळतो ते सांगते, कारण शहरातल्या वाचकांना त्याची कल्पना नसते. दरमहा ठरलेली काही रक्कम असते आणि बाकी सगळं कामागणिक. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं तापमान, वजन, आईचं अंगावर पाजणं, नाळ, सगळं बघून फॉर्म भरायचा. या सगळ्याचे मिळून २५० रुपये. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत हे पैसे देण्यासाठी अटी होत्या: वजनाची नोंद, जन्मनोंदणी, लसीकरण, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप असणं. शेवटची अट पुन्हा वाचा. बाळ विसाव्या दिवशी गेलं तर तीन खेपा घालून, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रेफर करून, त्या आईजवळ रात्र काढून आलेल्या बाईचं काम हिशेबात कुठे बसायचं? उलट त्या मृत्यूची चौकशी होते तेव्हा पहिला प्रश्न तिलाच विचारतात, तू कधी गेली होतीस?

कामागणिक पैशांचा खरा तोटा याहून खोल आहे. ज्या कामाला दर आहे ते होतं, ज्याला नाही ते मागे पडतं. आमच्याकडे दिवाळी झाली की सुरगाणा-पेठची कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात, काही गुजरातेत वापी-वलसाडकडे जातात. सहा महिन्यांची गरोदर बाईही निघते, कारण घरी राहिली तर खायचं काय? ती ज्या दिवशी जीपमध्ये बसते त्या दिवशी ती दोन्हीकडच्या याद्यांमधून गळते. इथली आशा तिला मोजू शकत नाही, तिथली ओळखत नाही. आमच्या काही आशाताया अशा बायांना फोन करत राहतात. सूज आली का विचारतात, लोहाच्या गोळ्या नातेवाइकाबरोबर पाठवतात, मुकादमाचा नंबर मिळवतात. एकीने तर दिंडोरीजवळच्या मळ्यावरच्या गरोदर बाईला झटके (फिट) येण्याची लक्षणं फोनवरून ओळखली आणि मुकादमाला भांडून १०८ बोलवायला लावली. आई आणि बाळ दोघं वाचले. मोबदल्याच्या तक्त्यात या कामाला ओळ नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला समजावणं, विहिरीत जीव द्यायला निघालेल्या पोरीजवळ बसणं, म्हाताऱ्याला उपकेंद्रापर्यंत चालवत नेणं, यांनाही नाही. सामुदायिक आरोग्य म्हणजे नेमकं हेच काम ना? जे मोजता येतं तेवढंच विकत घेणारी व्यवस्था, जे सगळ्यात मोलाचं आहे ते फुकट घेत असते.

त्यात कामांची यादी वाढतच जाते. २००५ मध्ये माता, बाळ आणि लसीकरण यांभोवती हे काम सुरू झालं. नंतर क्षयाचे थुंकीचे नमुने, कुष्ठरोग शोध, डेंगीसाठी घरोघरच्या पाण्याची भांडी तपासणं, बीपी-शुगरचे फॉर्म, आयुष्मान कार्ड असं एकेक येत गेलं. करोनात सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार फिरणाऱ्यांत आघाडीवर याच होत्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. आमच्या बायांना त्याचा खरोखर आनंद झाला होता. व्हॉट्सॲपच्या गटावर दिवसभर फोटो येत होते. संध्याकाळी एकीने मला विचारलं, "ताई, याचं सर्टिफिकेट आपल्याला हातात मिळेल का? पोराच्या शाळेत दाखवायचं होतं."

आता विरोधी बाजू. ती मी मनापासून गंभीरपणे घेते, कारण ती मांडणारे माझ्याच क्षेत्रातले, माझ्याहून अनुभवी लोक आहेत. ते म्हणतात, पगार सुरू झाला की आशा सरकारची होईल, गावाची राहणार नाही. हजेरीपट आला की पाड्यावर जाणं कमी होईल. जामखेडच्या बाया पगारावर नव्हत्या, म्हणूनच त्यांचं बोलणं लोक ऐकत होते. यात तथ्य आहे. नोकरी पक्की झाल्यावर गावाकडे पाठ फिरवलेली माणसं मीही पाहिली आहेत.

पण जामखेडच्या त्या बायांना पगार नसला तरी काय काय होतं, हे विसरून चालणार नाही. आठवड्यातून एकदा हमखास शिक्षण होतं. त्यांच्या शब्दावर रुग्णाला दाखल करून घेणारं रुग्णालय होतं. शेळ्या, छोटा धंदा यासाठी कर्ज होतं. मुख्य म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर देणारे डॉक्टर समोर बसलेले होते. आशेला यातलं काय मिळतं? सुरुवातीच्या आराखड्यात तिचं प्रशिक्षण वर्षभरात २३ दिवसांचं होतं, पुढे कौशल्यांचं आणखी २० दिवसांचं आलं. त्यानंतर बहुतेक वेळा ‘प्रशिक्षण’ म्हणजे नव्या ॲपची ओळख. तिने रात्री अकराला आणलेल्या बाळंतिणीला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवणाऱ्या दवाखान्यात मी स्वतः उभी राहिले आहे. स्वयंसेवा मागायची तर त्या बदल्यात प्रतिष्ठा द्यावी लागते. आपण प्रतिष्ठा दिली नाही आणि वर काम मात्र नोकरीसारखं घेतलं: ठरलेल्या तारखा, अहवाल, बैठका, नोटिसा.

आणि आशा आज सरकारची नाही असं कोण म्हणेल? लक्ष्य सरकार ठरवतं, दर सरकार ठरवतं. गावाचा हक्क राखायचा असेल तर त्याचा मार्ग तिला गरीब ठेवणं हा नाही. निवड आणि कामाचा आढावा ग्रामसभेकडे द्या. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. गावकऱ्यांनी पीएचसीला गुणपत्रिका दिली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. गाव जाब विचारू शकतं, हे तिथे दिसलं. पगारी बाईला गाव जाब विचारू शकणार नाही, असं मानण्याचं कारण मला दिसत नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न टाळलेला नाही. ब्राझीलमध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची नोकरी २००६ च्या घटनादुरुस्तीने आणि कायद्याने मान्य झाली, आणि २०२२ मध्ये त्यांचं किमान वेतन देशाच्या किमान वेतनाच्या दुप्पट असावं, हे राज्यघटनेतच आलं. इथिओपियाने २००३ नंतर गावागावांत दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून सरकारी पगारावर नेमलं, आणि त्यांना पुढच्या पातळीचं शिक्षण घेण्याची सोय केली. पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर्सना कायम करण्याचा निर्णय न्यायालयापर्यंत लढून मिळाला. हे देश आपल्याहून श्रीमंत आहेत म्हणून त्यांना जमलं, असं निदान शेवटच्या दोघांबद्दल तरी म्हणता येणार नाही.

आपल्याकडेही रस्ता अगदी बंद नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्ये, दीर्घ आंदोलनानंतर, राज्य मंत्रिमंडळाने आशांच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ती स्वागतार्हच होती. आमच्या ओळखीच्या दोघीतिघींनी त्या पैशांतून पहिल्यांदा पोरांची फी वेळेवर भरली. पण वाढ म्हणजे शिडी नव्हे.

शिडी कशी असावी हे सांगताना एक उदाहरण पुरेसं आहे. आशा निवडताना वय २५ ते ४५ धरलं गेलं. गावातली सून असावी, म्हणजे ती गावातच राहील, हा त्यामागचा चांगला विचार. दुसरीकडे एएनएमच्या अभ्यासक्रमाला वयाची कमाल मर्यादा ३५ आणि शिक्षणाची अट बारावी. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी आशा झालेली, दहावी शिकलेली बाई कामातून तावूनसुलाखून निघेपर्यंत नर्सिंगचं दार तिच्यासाठी बंद झालेलं असतं. दोन नियम दोन वेगळ्या टेबलांवर झाले आणि मधे ती सापडली. हे बदलायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. सात-आठ वर्षं काम केलेल्या आशेला वयाची सवलत, मुक्त विद्यालयातून बारावी करायला मदत, जिल्ह्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये काही राखीव जागा आणि शिकण्याच्या काळात घर चालेल एवढं विद्यावेतन. एवढं केलं तर दहा वर्षांत आपल्या उपकेंद्रांत अशा सिस्टर असतील ज्यांना पाड्याची बोली येते, आणि ज्या बदलीसाठी अर्ज करणार नाहीत कारण त्यांचं घरच तिथे आहे. आदिवासी भागात दर ३,००० लोकांमागे उपकेंद्र असावं असा आपला निकष आहे. तिथल्या रिकाम्या जागांवर बाहेरून माणूस आणण्यात आपण तीस वर्षं घालवली. उमेदवार तर त्याच गावात, हातात वजनकाटा घेऊन फिरत होती.

सगळ्यांना वर जायचं नसेल. अनेकींना आशा म्हणूनच राहायचं असतं, आणि त्यांच्यासाठी अनुभवाप्रमाणे वाढणारं वेतन, आजारपणाची रजा, भविष्य निर्वाह निधी हवा. गटप्रवर्तकांचंही तेच. वीस-पंचवीस आशांवर देखरेख करणाऱ्या या बायांनाही कायम नोकरी नाही. पैशांचा प्रश्न येईलच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं, ते गाठलं गेलं नाही. ते गाठण्यासाठी जे पैसे अजून वाढवायचे आहेत, त्यातला पहिला रुपया कुठे जावा, असं मला विचाराल तर तो इथे.

कॉलेजातल्या मुलांना मी आता वेगळं उत्तर देते. या क्षेत्रात या, जरूर या. डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणात सामुदायिक वैद्यकशास्त्राची जागा नाइलाजाने घेतली म्हणून हिरमुसू नका, तिथे करण्यासारखं चिक्कार आहे. फक्त तुमचं यश मोजताना, तुमच्या हाताखाली काम करणारी बाई पाच वर्षांत किती पुढे गेली, तेही मोजा. माझ्या स्वतःच्या कामाला मी ही पट्टी लावली तेव्हा फार कमी गुण पडले. प्रशिक्षण दिलेल्या शेकडो बायांपैकी नर्सिंगला गेलेल्या फक्त दोन. दोघींनाही सासरकडून पाठिंबा होता, आणि दोघीही वयाच्या मर्यादेच्या आत, जेमतेम.

दरम्यान २००६-०७ च्या तुकडीतल्या आशा आता पन्नाशी-साठीला टेकल्या आहेत. किमान दहा वर्षं काम करून निरोप घेणाऱ्या आशेला एकरकमी २०,००० रुपये मिळत, २०२५ मध्ये ती रक्कम ५०,००० झाली. निवृत्तिवेतन नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीने गुडघ्यांमुळे काम सोडलं. तिच्या जागी तिच्याच वाडीतली एक तरुण सून आली. जायच्या आधी तिने त्या मुलीला पंधरा दिवस पाड्यांवर स्वतःबरोबर फिरवलं. कुठल्या घरात सासूशी आधी बोलायचं, ओढ्याला पाणी आलं तर कुठून वळायचं, कोणाला सिकलसेल आहे, कोण गोळ्या चुलीत टाकते. सतरा वर्षांच्या डायऱ्या तिने एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, त्या तिला दिल्या. नव्या मुलीने मला फोन करून विचारलं, "ताई, या डायऱ्या पीएचसीत जमा करायच्या असतात का?" मी सांगितलं, नाही, जवळच ठेव, आणि रोज थोडं थोडं वाच.